दार आहे, पण जागेवर नाही

आमच्या बावड्याकडे उसाला पाणी देणाऱ्या माणसाविषयी ‘तो पाणी देतो आहे’ असे सहसा कोणी म्हणत नाही. ‘तो दारे धरतो आहे’ असे म्हणतात. चारीला पाणी आले म्हणजे सरीला आले असे नव्हे. फावडे घेऊन, चिखलात पाय रोवून चारीच्या कडेची माती उकरावी लागते. एक दार मोडावे, ती सरी भरली की ते बांधावे आणि पुढचे मोडावे. वीज रात्रीची असली तर रात्र जागून हे करावे लागते. डोळा लागला आणि दार वेळेवर मोडले गेले नाही, तर चारी तुडुंब भरून फुटते, पाणी रस्त्यावर जाते, आणि हातभर अंतरावरची सरी मात्र कोरडी ती कोरडीच.

हे चित्र आरंभी उभे करण्याचे कारण असे, की आजच्या विषयाशी आमची गाठ एका दारे धरणाऱ्या माणसामुळेच पडली. आमचे एक चुलते, त्यांना सारी भावकी तात्या म्हणते, जन्मभर हेच काम करीत आले. साठीच्या सुमारास त्यांना थकवा येऊ लागला, तहान लागू लागली, रात्रीतून तीनतीनदा उठावे लागू लागले. रक्त तपासले, तो साखर पुष्कळ निघाली. निदान ऐकून तात्या घाबरले नाहीत; त्यांना कोडे पडले. ते आम्हांस म्हणाले, “रगतात साखर मावंना म्हणतोस, आन् अंगात तर जोर न्हाई. साखर म्हंजे जोरच ना रं? मग ती जाती कुठं?”

आम्ही काहीतरी पुस्तकी उत्तर दिले. ते त्यांना पटले नाही, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांसही पटले नाही. वास्तविक उत्तर त्यांच्याच धंद्यात होते. चारी भरली आहे, सरी कोरडी आहे. मधली दारे मोडलेली नाहीत. मात्र एवढ्याने प्रश्न सुटत नाही, तो येथून सुरू होतो. ही दारे कसली असतात? ती घडतात कोठे? घडलेले दार आपल्या जागी नेऊन कोण बसवितो, आणि काम झाल्यावर परत कोण नेतो? शास्त्रज्ञांच्या भाषेत सांगावयाचे तर, पेशीच्या निरनिराळ्या कप्प्यांमधून पटल-प्रथिनांची छाननी आणि ने-आण कशी होते, हा आजचा विषय होय. नाव बोजड आहे, वस्तू तशी नाही.

प्रथम साखरेचा हिशेब पाहू. निरोगी प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते, आणि उपाशीपोटी त्या सगळ्या रक्तात मिळून द्राक्षशर्करा असते ती अवघी चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. ज्या तालुक्यात साखरेच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात तेथील माणसांस हे ऐकून नवल वाटेल. पण एकदा भाकरी-भात खाल्ला की तासा-दोन तासांत त्याच्या कितीतरी पट शर्करा आतड्यातून रक्तात उतरते. तरीही निरोगी माणसाच्या रक्तातील पातळी थोडीशी चढून पुन्हा खाली येते. आलेली साखर कोणीतरी तितक्याच तत्परतेने रक्तातून उचलते म्हणूनच हे घडते. इन्शुलिनच्या सांगण्यावरून जी साखर रक्तातून उचलली जाते, तिचा बहुतांश भाग आपले स्नायू घेतात. चरबीच्या पेशी थोडा घेतात. मेंदू आणि तांबड्या रक्तपेशी यांची दारे निराळ्या जातीची असून ती सदैव उघडीच असतात. आपली गोष्ट स्नायूंची आहे.

प्रत्येक पेशीभोवती एक पटल असते. स्निग्ध पदार्थांच्या रेणूंचे दोन थर एकमेकांस चिकटून ते झालेले असते, आणि त्याची जाडी एका मिलिमीटरच्या सुमारे दोन लाखाव्या भागाइतकी असते. एवढ्या झिरझिरीत पडद्यातून साखर सहज जाईल असे वाटते, पण तेल आणि पाणी यांचे वैर आपणांस ठाऊक आहे. साखर पाण्याची मैत्रीण. तेलाच्या या पातळ पडद्यापुढे ती अडून राहते. तिला आत घेण्यासाठी पडद्यात बसविलेले एक प्रथिन लागते. स्नायूंतील या प्रथिनाला ‘ग्लुट-४’ असे नाव आहे. ५०९ अमिनो आम्लांची ही एक साखळी. ती पटलातून बारा वेळा आत-बाहेर ओवलेली असते, जशी गोधडीतून टाक्यांची दोरी. साखरेचा एक रेणू बाहेरून तिच्या खोबणीत बसतो, साखळी किंचित वळते, आणि तो रेणू आतल्या बाजूस सुटतो. हेच ते दार.

आता मौज पाहा. जेवणापूर्वी, म्हणजे रक्तात इन्शुलिन अगदी कमी असताना, स्नायूची किंवा चरबीची पेशी तपासली तर ही दारे पेशीच्या बाह्य पटलात जवळजवळ नसतातच. शंभरातली नव्वदांहून अधिक दारे पेशीच्या पोटात, सूक्ष्म पिशव्यांमध्ये साठवून ठेवलेली असतात. इन्शुलिन आले की काही मिनिटांत त्या पिशव्या पृष्ठभागाकडे सरकतात आणि दारे भिंतीत बसतात. इन्शुलिन ओसरले की दारे पुन्हा आत ओढली जातात. १९८० साली कशमन व वार्झाला यांनी, आणि त्यांच्याशी कसलाही संबंध नसता सुझुकी व कोनो यांनी, उंदराच्या चरबीपेशींवर प्रयोग करून हे दाखविले. तोपर्यंत पुष्कळांची समजूत अशी, की दारे भिंतीतच असतात व इन्शुलिन ती फक्त किल्लीसारखे उघडते. किल्लीचा दृष्टांत अजूनही दवाखान्यातल्या तक्त्यांवर दिसतो. तो अगदीच खोटा नाही, पण त्यात मुख्य गोष्ट हरवते: कुलूप उघडावयाचे नसते, दारच आणून बसवावयाचे असते.

दार आणून बसवावयाचे म्हणजे काय करावयाचे, हे समजण्यासाठी पेशीच्या पोटात शिरले पाहिजे.

शाळेच्या पुस्तकात पेशीचे चित्र असते. मध्ये केंद्रक, भोवती काही नळ्या आणि चकत्या. त्या चित्रात सारे निश्चल दिसते, आणि परीक्षेपुरती नावे पाठ करून आपण ते मिटून ठेवतो. प्रत्यक्षात तेथे अखंड वर्दळ चालू असते. केंद्रकालगत पडद्यांच्या घड्यांची एक जाळी असते, तिला आंतर्द्रव्यजालिका म्हणतात. पटलात बसावयाची बहुतेक प्रथिने येथे विणली जातात. विणणारे रायबोसोम पेशीत सर्वत्र असतात. मग नेमके या प्रथिनांचेच विणकाम जालिकेवर कसे होते? तर साखळीतच पत्ता लिहिलेला असतो. अमिनो आम्लांचा एक विशिष्ट तुकडा बाहेर डोकावला की एक वाहक त्याला पकडतो आणि रायबोसोमासह जालिकेच्या दाराशी नेऊन सोडतो. गुंटर ब्लोबेल यांनी १९७०च्या दशकात ही कल्पना मांडली व प्रयोगाने सिद्ध केली. १९९९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पत्ता पाकिटावर नसून मजकुरातच असणे, ही टपालखात्यास न सुचलेली युक्ती आहे.

जालिकेत एक कडक तपासनीस बसलेला असतो. साखळीची घडी नीट पडली नाही तर तो ते प्रथिन पुढे जाऊ देत नाही, मोडीत काढतो. हा कडकपणा बहुधा हिताचा, क्वचित घातक. युरोपीय वंशाच्या लोकांत अधिक आढळणारा एक आनुवंशिक रोग आहे, ज्यात फुप्फुसांत चिकट कफ साठून राहतो. त्यातील सर्वांत नेहमीच्या दोषात १४८० अमिनो आम्लांपैकी अवघे एक गळालेले असते. ते प्रथिन पृष्ठभागावर पोहोचले असते तर थोडेबहुत काम देऊ शकले असते. पण तपासनीस त्याला जालिकेतच अडवितो आणि रोगी मुलास श्वास पुरत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत अशी औषधे निघाली आहेत, की जी या प्रथिनाची घडी सावरून त्याला पुढे जाऊ देतात. म्हणजे औषध रोगजंतूंवर नाही, वेदनेवर नाही. एका अडलेल्या मालाला वाट काढून देण्यावर आहे.

तपासणीतून सुटलेले प्रथिन जालिकेतून गॉल्जी संकुलात जाते. ताटल्यांची उतरंड ठेवावी तसे हे संकुल दिसते. येथे प्रथिनावर शेवटचा हात फिरतो आणि छाननी होते; हे पृष्ठभागाकडे, हे लयकारिकेत मोडीसाठी, हे कोठारात. ज्यांनी रेल्वेच्या टपाल डब्यात पत्रांची छाननी पाहिली असेल त्यांना कल्पना येईल. फरक इतकाच, की येथे छाननी करणारा कारकून नाही. प्रथिनाच्या शेपटाकडील दोन-चार अमिनो आम्लांची खूण असते. त्या खुणेला एक जुळणारे प्रथिन चिकटते, त्याला दुसरे, आणि तिकडचे टपाल आपोआप एका ठिकाणी गोळा होते. ग्लुट-४च्या दोन्ही टोकांना अशा खुणा आहेत. प्रयोगशाळेत त्या बदलल्या, की दार धड असूनही कोठारात राहत नाही, भलतीकडे जाते.

एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जाण्याचे साधन म्हणजे पिशवी. शास्त्रीय मराठीत तिला पुटिका म्हणतात. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी, कारण बहुतेकांची चूक येथे होते आणि आमचीही झाली होती. पिशवीत बाजार भरतात तसे दार पिशवीत भरलेले नसते. ते पिशवीच्या कापडातच शिवलेले असते. गॉल्जीच्या पटलाचा एक भाग फुगवटीसारखा वर येतो, त्याची मान आवळते, आणि तो तुटून सुटी पिशवी होते. त्या पटलात जी दारे शिवलेली होती ती तिच्या अंगावर जातात. पुढे ही पिशवी पेशीच्या बाह्य पटलाला चिकटून एकजीव झाली, की पिशवीचे कापडच भिंतीचे कापड होते. दार उचलून बसवावे लागत नाही. भिंतीला ठिगळ लागते आणि त्या ठिगळात दार असते. म्हणून पटलातले प्रथिन एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जाताना एकदाही तेलाबाहेर पाण्यात पडत नाही. ज्या प्रथिनाला पाणी सोसत नाही त्याला पाण्याने भरलेल्या पेशीतून नेण्याची याहून साधी रीत आम्हांस तरी सुचत नाही.

फुगवटी येते कशी? बाहेरून काही प्रथिने एकमेकांत गुंफून जाळीदार टोपली तयार करतात आणि त्या टोपलीच्या आकारात पटल वाकते. अशा टोपल्यांपैकी एक प्रसिद्ध प्रथिन क्लॅथ्रिन. मान तोडणारे प्रथिन वेगळे, डायनॅमिन. मानेभोवती वेटोळे घालून ते पीळ आवळते. पुण्यातील भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत थॉमस पुकाडिल यांच्या प्रयोगशाळेत या तोडणीचा अभ्यास होतो. पेशी बाजूला ठेवून केवळ कृत्रिम पटल घ्यावयाचे, त्यावर शुद्ध केलेली प्रथिने सोडावयाची, आणि पटल तुटते केव्हा हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचे. बावड्याहून दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर हे काम चालते हे आमच्या गावात फारसे कोणास ठाऊक नाही. आम्हांसही अलीकडेच कळले.

सुटलेली पिशवी नुसती तरंगत जात नाही. पेशीत सूक्ष्म नळ्यांचे रस्ते असतात आणि त्यांवरून ओझे वाहणारी प्रथिने चालतात. होय, चालतात, दोन पायांनी, एकापुढे एक पाऊल टाकीत. पेशीच्या मध्याकडून कडेकडे चालणाऱ्या प्रमुख वाहकाचे नाव कायनेसिन. तो १९८५ साली सापडला. त्याचे एक पाऊल आठ नॅनोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरभर जावयाचे तर सव्वा लाख पावले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक यांनी या हमालांच्या ताकदीची मोजमापे केली, त्यांना २०१८ साली इन्फोसिस पारितोषिक मिळाले. उंदरांच्या यकृतातील चरबीच्या थेंबांवर त्यांच्या गटाने काम केले, त्यात असे दिसले की जेवल्यानंतर इन्शुलिनच्या सांगण्यावरून कायनेसिन थेंबांना जुंपला जातो, उपवासात तो सुटतो. म्हणजे इन्शुलिनचा हुकूम या रस्त्यांवरील हमालांपर्यंतही पोहोचतो.

पिशवी मुक्कामी आली, आता ती योग्य पटलाशीच एकजीव झाली पाहिजे. पिशवीवर एक दोरा आणि पटलावर त्याच्या जोडीचे दोरे असतात, त्यांना स्नेअर म्हणतात. जोडी जुळली तरच दोरे एकमेकांत पीळ घेतात आणि पिशवीला पटलाकडे ओढून घेतात. जोडी चुकली तर पीळ बसत नाही, पिशवी पुढे जाते. हे सारे कोडे उलगडले त्याचे श्रेय प्रामुख्याने तिघांना मिळाले: रँडी शेकमन, जेम्स रॉथमन आणि थॉमस स्यूडॉफ, नोबेल २०१३. त्याआधी जॉर्ज पालाडे यांनी स्वादुपिंडाच्या पेशीत प्रथिनांची जालिकेपासून बाहेरपर्यंतची वाट दाखवून दिली होती. त्यांना १९७४ साली तो मान मिळाला. शेकमन यांची रीत आम्हांस विशेष आवडते. पाव फुगविणारे यीस्ट त्यांनी घेतले आणि त्यात असे बिघाड शोधले, की उष्णता वाढविली म्हणजे वाहतूक तुंबते. तुंबलेल्या पेशी जड होतात, म्हणून त्या वजनावरून वेगळ्या निघतात. अशा रीतीने १९८० पर्यंत तेवीस जनुके हाती लागली. कोणता नट निघाला म्हणजे यंत्र कोठे अडते, एवढ्यावरून संबंध यंत्र समजून घ्यावयाचे.

याच जातीची एक गोष्ट मुंबईची आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. टाटा संस्थेत १९६२ साली रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभारणारे ओबैद सिद्दिकी यांनी अमेरिकेतील सेमूर बेंझर यांच्यासमवेत केळ्यावरच्या चिलटांचा अभ्यास केला. १९७६ सालच्या त्यांच्या निबंधात काही चमत्कारिक चिलटांचे वर्णन आहे. तापमान वाढविले की ही चिलटे लुळी पडतात. त्यांतील एका जातीची चिलटे थंडाव्यात आणल्यावरही पुष्कळ वेळ शुद्धीवर येत नाहीत, म्हणून तिला ‘बेशुद्ध’ या अर्थाचे नाव दिले. कोणाला वाटेल, चिलट बेशुद्ध पडले तर जगाचे काय अडले? एकोणीस वर्षांनी, १९९५ साली, त्या चिलटात बिघडलेले जनुक सापडले. जे प्रथिन स्नेअरचे वापरलेले पीळ सोडवून दोरे पुन्हा कामाला मोकळे करते, आणि जे रॉथमन यांनी स्वतंत्रपणे शोधून काढले होते, तेच हे. पीळ सुटले नाहीत की मज्जातंतूंच्या टोकाशी पिशव्या अडून राहतात आणि चिलट लुळे पडते.

आता तात्यांच्या सरीकडे वळू. ग्लुट-४च्या पिशव्या कोठारात आहेत, रस्ते आहेत, दोरे आहेत. मग त्या एरवी का निघत नाहीत? कारण वाटेवर एक पहारेकरी आहे. त्याचे नाव एएस-१६०. पिशवीला मार्गस्थ करणारी रॅब नावाची छोटी प्रथिने असतात. माणसात त्यांचे साठांहून अधिक प्रकार आहेत. हा पहारेकरी त्यांतल्या कामाच्या रॅबला सतत निजवून ठेवतो. इन्शुलिन पेशीच्या भिंतीवर येऊन आपल्या ग्राहकाला भेटते, ग्राहक आतल्या एकाला निरोप देतो, तो दुसऱ्याला, आणि शेवटचा निरोप्या पहारेकऱ्याला फॉस्फेटचा शिक्का मारून बाजूला सारतो. रॅब जागा होतो, पिशव्या निघतात.

या पहारेकऱ्याचे महत्त्व किती, हे ग्रीनलंडमध्ये दिसून आले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथील लोकांत या जनुकाचा एक दोष आढळला. त्यात स्नायूंतील पहारेकरी प्रथिन पूर्ण बनतच नाही. वाचणाऱ्यास वाटेल, पहारा उठला म्हणजे दारे सदा उघडी राहतील! झाले उलटे. पहाराच नाही तेव्हा कोठारही नीट राहत नाही. अशा लोकांच्या स्नायूंत ग्लुट-४चे प्रमाणच घटलेले आढळले. आईकडून व बापाकडून दोन्हीकडून हा दोष आलेले सुमारे चार टक्के लोक होते, आणि त्यांना मधुमेह होण्याचा संभव इतरांच्या दसपट निघाला. पाटकरी नसला म्हणजे सर्वांना पाणी मिळते, असे ज्यांना वाटते त्यांनी हे लक्षात घ्यावे.

आपल्याकडच्या मधुमेहाची तऱ्हा मात्र वेगळी आहे. मोठेपणी होणाऱ्या मधुमेहात स्नायूंचे तुकडे काढून १९९०च्या सुमारास तपासणी झाली, तेव्हा अनेकांची कल्पना अशी होती की दारे कमी पडली असतील. स्नायूंत ती कमी नव्हती. जवळजवळ निरोगी माणसाइतकीच दारे होती. इन्शुलिन आले तरी ती भिंतीपर्यंत पुरेशी येत नव्हती. निरोपाची साखळी मध्येच मंदावली होती. का मंदावते, याविषयी पुष्कळ संशोधन झाले आहे. स्नायूंच्या पेशीत साठलेली चरबी या निरोपात अडथळा आणते, हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. स्वादुपिंड मग जास्त इन्शुलिन ओतून वेळ मारून नेते. काही वर्षांनी तेही थकते. (लहान वयात होणाऱ्या मधुमेहात इन्शुलिनच संपते, तो प्रकार निराळा, तेथे बाहेरून इन्शुलिन देण्यावाचून गत्यंतर नाही.)

येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम सांगणे अवश्य आहे. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांची व पुढे त्यांच्या मुलांची नोंद ठेवली. शेतात राबणाऱ्या, बेताचे खाणाऱ्या या मातांची मुले जन्मतः सरासरी २.७ किलोची होती. इंग्लंडमधील साउदम्प्टनची मुले सुमारे ३.५ किलोची. मूल लहान म्हणजे त्याचे सगळेच लहान, असे आपण समजतो. मोजले तेव्हा निराळेच दिसले: स्नायू बरेच कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र छापून आले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के, आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! अंगरखा घातलेला मराठी माणूस सडसडीत दिसतो. आत सरी अरुंद आणि बांध जाड. भारतात मधुमेहींची संख्या १०.१ कोटी असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला, त्यामागे हे एक कारण असावे असे पुष्कळ जाणकार मानतात.

तात्यांचा मधुमेह केव्हा निघाला, हेही सांगितले पाहिजे. शेतात ठिबक आले, मोटार घरबसल्या भ्रमणध्वनीवरून चालू होऊ लागली, त्यानंतर तिसऱ्या-चौथ्या वर्षी. ठिबकने पाणी वाचले, रात्रीचे जागरण गेले, सापाची भीती गेली. त्याबद्दल तक्रार करणारा माणूस कृतघ्न म्हणावा लागेल. पण फावडेही गेले. आणि फावड्याचा या दारांशी थेट संबंध आहे.

तो असा. स्नायू आकुंचन पावला, की ग्लुट-४च्या पिशव्या इन्शुलिनच्या निरोपाची वाट न पाहता पृष्ठभागाकडे निघतात. श्रमाने पेशीतील शक्तीचा साठा खालावतो. ते जाणणारे वेगळे प्रथिन असते आणि त्याचा निरोप वेगळ्या वाटेने जातो. महत्त्वाचे हे, की मधुमेहात जी वाट तुंबते ती पहिली. ही दुसरी बहुधा मोकळी असते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मधुमेही माणसांना सायकल चालवावयास लावून त्यांच्या मांडीच्या स्नायूचा कण आधी व नंतर तपासला. पृष्ठभागावरची दारे निरोगी माणसांइतकीच वाढली होती. ज्या माणसाच्या पेशी इन्शुलिनचे ऐकत नव्हत्या, त्याच पेशी त्याच्या पायांचे ऐकत होत्या.

हे सारे आम्ही तात्यांना त्यांच्या ओट्यावर बसून सांगितले. आज येथे सांगितले त्याहून पुष्कळ वाकडेतिकडे. जालिका, गॉल्जी यांत त्यांना रस नव्हता. पिशवीच्या कापडातच दार शिवलेले असते, ही गोष्ट मात्र त्यांनी दोनदा विचारून घेतली व “हे बेस हाय” असे म्हणाले. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या ते घेतात. त्यांतली एक यकृतातून रक्तात उतरणारी साखर कमी करते, म्हणजे वरून चारीत येणारे पाणीच आवरते, हेही त्यांना पटले. चालावयास जावयाचे त्यांनी कबूल केले, पण शेतकऱ्याला शोभेल असा प्रश्न विचारून.

“येकदा चाललं, का दारं किती येळ ऱ्हात्यात?”

दारे स्वतः दोन-तीन तासांत बहुतेक आत परततात. पण चांगले श्रम झाल्यानंतर स्नायू इन्शुलिनचे बोलणे नेहमीपेक्षा अधिक ऐकतात, आणि तो गुण एक-दोन दिवस राहतो, असे आम्ही सांगितले. तात्यांनी बोटांवर काहीतरी मोजले.

“म्हंजे पाळी दिसाआड तरी आलीच पायजे,” ते म्हणाले, आणि वहाणा शोधू लागले.